ऑपरेशन शक्य नसलेला यकृताचा कॅन्सर आणि रेडिएशन: रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

‘गाठ काढता येणार नाही’ असं सर्जनने सांगितलं की घरची मंडळी हातपाय गाळून बसतात. कारणं बहुधा ठरलेली असतात: सिरॉसिसमुळे (यकृत कडक होऊन आकसण्याचा आजार) उरलेलं यकृत ऑपरेशन सोसणार नाही, गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरली आहे किंवा गाठी दोन्ही बाजूंना आहेत. अशा बऱ्याच जणांना रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो शेक, देता येतो.

पूर्वी यकृताला शेक देताना डॉक्टर कचरत. सबंध यकृताला ३० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास डोस गेला की तेच निकामी होण्याची भीती असे. आता एसबीआरटी (स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिएशन थेरपी) पद्धतीत किरण अनेक दिशांनी नेमके गाठीवर आणतात. साधारण ३ ते ५ बैठका होतात आणि बहुतेकांना भरती व्हावं लागत नाही.

अडचण श्वासाची. श्वासाबरोबर यकृत एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त, खालीवर होतं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ प्लॅनिंगच्या दिवशी जातो. रुग्णाच्या अंगाच्या आकाराची गादी बनते, हात डोक्यावर घ्यायला लावतात, अंगावर खुणा करतात आणि श्वास रोखून सीटी स्कॅन होतो. पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायची सवय घरीच, उताणं झोपून करा. त्याचा फार उपयोग होतो. ज्यांना जमत नाही त्यांच्या पोटावर पट्टा बांधून हालचाल कमी करतात. त्या दिवशी आणि प्रत्येक बैठकीआधी तीन-चार तास काही खाऊ नका. खुणा घासून धुऊ नका.

निर्णय गाठीइतकाच निरोगी यकृतावर अवलंबून असतो. पोटात पाणी साचलंय, कावीळ वाढतेय, अशा वेळी आम्ही डॉक्टर स्पष्ट नाही म्हणतो. शेकाने तेव्हा फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं. हिपॅटायटिस बीची गोळी चालू असेल तर एक दिवसही चुकवू नका; ती बंद केली की विषाणू उसळू शकतो. काढा, भस्म काही चालू असेल तर तेही सांगा, कोणी रागावणार नाही.

दुसरा मार्ग यिट्रियम-९० या किरणोत्सारी धातूचा. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी घालून किरणोत्सारी सूक्ष्म गोळ्या गाठीपर्यंत सोडतात. गाठीला रक्त मुख्यतः यकृताच्या धमनीतून मिळतं, निरोगी भागाला आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून. त्यामुळे मारा गाठीवर बसतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा गोळ्या देशातच विकसित केल्या आहेत. ही सोय आमच्याकडे नाही. गरज असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवतो. त्यानंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवावं लागतं. एसबीआरटीनंतर मात्र नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या.

थकवा, मळमळ, भूक मंदावणं हे होतंच. पण पुढच्या तीन-चार महिन्यांत डोळे पिवळे झाले किंवा पोट फुगलं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच फोन करा. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली तरी घाबरू नका. ती हळूहळू आकसते.

येताना ट्रिपल फेज सीटी (औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) किंवा एमआरआयची सीडी आणा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. सोबत एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी), बिलिरुबिन (काविळीची तपासणी), हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट हवेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार करायचे असतील तर रेशन कार्ड आणि आधार पहिल्याच भेटीत द्या, कारण मंजुरी शेक सुरू होण्याआधी लागते.