थुंगशू (चिनी पंचांग)

थुंगशू हे चिनी समाजात दरवर्षी निघणारे पंचांग असून विवाह, गृहप्रवेश, पायाभरणी आणि दफनविधीपासून केस कापण्यापर्यंत कोणत्या कामाला कोणता दिवस योग्य, हे त्यात दिलेले असते. यालाच ह्वांगली असेही नाव आहे. कँटोनी बोलीत ‘ग्रंथ’ आणि ‘हरणे’ या दोन शब्दांचा उच्चार सारखाच होतो. त्यामुळे हाँगकाँगमध्ये नावातला ‘ग्रंथ’ हा शब्द काढून त्या जागी ‘विजय’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला.

प्रत्येक दिवसाच्या रकान्यात ‘यी’ म्हणजे करण्यास योग्य आणि ‘जी’ म्हणजे वर्ज्य अशी कामे नोंदवलेली असतात. त्यांचा मुख्य आधार म्हणजे दहा स्वर्ग-स्कंध आणि बारा भू-शाखा या क्रमाने येणाऱ्या चिन्हांच्या दोन मालिकांच्या जोड्यांतून होणारे 60 दिवसांचे चक्र. या बारा शाखांनाच उंदीर, बैल, वाघ इत्यादी प्राण्यांची नावे आहेत. याशिवाय ‘जिएन-छू’ नावाची बारा दिवसांची आणखी एक मालिका चालते. सौर महिन्याची जी शाखा, तीच ज्या दिवसाची असेल तो ‘स्थापना’ दिवस, आणि बारा शाखा वर्तुळात मांडल्यास तिच्या समोर येणाऱ्या शाखेचा तो ‘भंग’ दिवस. साधारण 4 फेब्रुवारीला सुरू होणाऱ्या वाघाच्या महिन्यात माकडाचा दिवस भंगाचा ठरतो आणि मंगलकार्यासाठी तो टाळतात. महिना बदलला तरी हा मेळ टिकावा म्हणून सौर महिन्याच्या पहिल्या दिवशी या मालिकेतील आदल्या दिवसाचेच नाव पुन्हा येते.

मराठी वाचकाला येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. आपल्या पंचांगातील तिथी आणि नक्षत्र सूर्यचंद्रांच्या प्रत्यक्ष स्थितीवरून ठरतात. थुंगशूतही अमावास्या आणि 24 सौरसंधी (सूर्याच्या स्थितीनुसार पाडलेले वर्षाचे टप्पे) खगोलगणितानेच काढतात, परंतु दिवसाचे शुभाशुभत्व बहुतांशी अखंड चाललेल्या मोजणीवर उभे असते. 28 नक्षत्रेसुद्धा, चंद्र कोठेही असला तरी, दिवसांना पाळीपाळीने लावली जातात. भारतीय नक्षत्रविचार आणि सात वारांची पद्धत आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध भिक्षूच्या भाषांतरामुळे चीनमध्ये अधिक परिचित झाली.

दिवस पाहण्याची प्रथा त्याहून फार जुनी आहे. हूबे प्रांतातील श्वेहूदी येथे 1975 मध्ये इ. स. पू. तिसऱ्या शतकातील छिन राजवटीच्या एका अधिकाऱ्याची कबर उघडली गेली, तेव्हा तिच्यात कायद्याच्या मजकुराबरोबरच दिवसांचे शुभाशुभ सांगणाऱ्या बांबूच्या पट्ट्याही सापडल्या. या प्रथेला विरोधही जुन्या काळापासून झाला. उंदराच्या दिवशी केस धुतल्यास माणूस लोकांना प्रिय होतो आणि सशाच्या दिवशी धुतल्यास केस पिकतात, या समजुतीवर इ. स. पहिल्या शतकातील विचारवंत वांग छुंग याने विचारले की, पंधरा वर्षांच्या मुलीने सशाच्या दिवशी केस धुतले तर ते पांढरे होतील काय? हा प्रश्न आजही तितकाच धारदार वाटतो.

कालगणना हा सम्राटाचा अधिकार मानला जात असल्याने पंचांग ही राज्यसत्तेचीही बाब होती. सरकारी पंचांग निघण्यापूर्वीच बाजारात छापील प्रती विकल्या जाऊ लागल्या, म्हणून थांग राजवंशाच्या दरबाराने 835 मध्ये खाजगी छपाईवर बंदी घातली; ती फारशी पाळली गेली नसावी, कारण वायव्य चीनमधील तुनहुआंग येथे 877 सालचे छापील पंचांग मिळाले आहे. पुढे अठराव्या शतकात छ्येनलुंग सम्राटाच्या काळात परस्परविरोधी नियमांची छाननी करून दिननिवडीचा अधिकृत ग्रंथ सिद्ध करण्यात आला. चिनी प्रजासत्ताकाने 1912 मध्ये ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली, तरी घराघरांतील थुंगशू टिकून राहिले.

हाँगकाँग, तैवान, मलेशिया आणि सिंगापूर येथील अनेक चिनी कुटुंबे लग्नाची तारीख आजही यावरून ठरवतात. मात्र रकान्यात विवाह ‘योग्य’ लिहिला म्हणजे काम झाले असे नसते: त्या दिवसाची शाखा वधू किंवा वराच्या जन्मवर्षाच्या प्राण्याच्या समोर येत असेल, तर तो दिवस सोडून जाणकाराकडून दुसरा काढून घेतात.