बोलू नका, नुसते बसा

“काय बोलायचं तेच सुचंना, म्हणून मातीला गेलोच नाही,” असं आपल्या कोल्हापुरात पुष्कळदा ऐकू येतं. धीराचे चार शब्द जमत नसतील तर रक्षाविसर्जनाला जाऊन करायचं काय, असा त्यामागचा समज. मेंदूला त्या शब्दांची एवढी गरज नसते.

मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं. पडद्यावर ठरावीक खूण आली की घोट्याला विजेचा झटका बसण्याची शक्यता २० टक्के. म्हणजे मोजायची होती ती झटक्याची वाट बघतानाची धास्ती. पुराच्या दिवसांत “राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?” असं दर तासाला विचारणाऱ्याला ही धास्ती सांगायला नको. प्रयोगात कधी त्या स्त्रियांचा हात मोकळा ठेवला, कधी अनोळखी माणसानं धरला, कधी नवऱ्यानं. अनोळखी हातानंही मेंदूतली धोक्याची धावपळ थोडी उतरली, नवऱ्याच्या हातानं जास्त. आणि संसार जितका समाधानाचा, तितका मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग अधिक शांत.

हा हायपोथॅलॅमस म्हणजे या गोष्टीतला खरा नायक. आकारानं बदामाएवढा. धोका जाणवला की तो सीआरएच हे संप्रेरक सोडतो. ते अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून खाली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत जातं. पीयूषिका एसीटीएच हे दुसरं संप्रेरक रक्तात सोडते, ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवतं, शिवाय उलट हायपोथॅलॅमसवर जाऊन सीआरएचला लगाम घालतं. ताण दिवसेंदिवस चालला तर हा लगामही सैल पडू शकतो. झोप, भूक, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. शेजारी विश्वासाचं माणूस असेल तर साखळीच्या पहिल्या कडीलाच जोर कमी लागतो.

यात कसली ‘पॉझिटिव्ह एनर्जी’ नाही, की ‘व्हायब्रेशन’ नाहीत. ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं हार्मोन’ म्हणून विकणाऱ्यांपासूनही चार हात लांब राहावं. ते संप्रेरक परक्यांविषयीचा दुजाभाव वाढवतानाही आढळलं आहे.

एक मात्र आहे. १६ जणींचा प्रयोग लहानच, आणि त्यातही नात्याची प्रत महत्त्वाची ठरली. बांधाच्या वादात कोर्टात गेलेला चुलतभाऊ दुखवट्याला येऊन शेजारी टेकला, तर कॉर्टिसॉल उतरेल अशी आशा धरू नये.