वेण्णा लेक ते शिवसागर : महाबळेश्वरच्या पाण्यामागची गोष्ट

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या तापोळ्याला मे महिन्यात गेलं की बोट गाठायला बरंच खाली उतरावं लागतं. दिवाळीत जिथं पाणी पायऱ्यांना लागलेलं असतं तिथं मेमध्ये तांबडी भेगाळलेली जमीन, झाडांचे काळे पडलेले बुंधे, आणि नीट बघितलं तर उतारावर एकाखाली एक दगडांच्या ओळी दिसतात. त्या ताली आहेत, भातखाचरांच्या. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा बोटवाल्या दादांना विचारलं हे काय आहे, तर ते म्हणाले, "आमच्या आज्याचं रान हाय ते." एवढंच बोलले आणि इंजिन चालू केलं.

तेव्हापासून महाबळेश्वरच्या आसपासचं पाणी मला वेगळंच दिसायला लागलं. वेण्णा लेक, धोम, कण्हेर, शिवसागर, आपण या सगळ्यांना बोटिंगचे नाहीतर फोटोचे पॉइंट म्हणून ओळखतो, पण यातलं एकही पाणी तिथं आपोआप साचलेलं नाही, प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी गरज होती म्हणून ते अडवलंय, आणि कुणाची गरज होती हे कळलं की ती जागा बघायची नजर बदलते.

सुरुवात आजारपणापासून करावी लागते. युरोपात बरीच आरोग्यधामं उभी राहिली ती गरम पाण्याच्या झऱ्यांवर. आपल्याकडे तसे झरे घाटाखाली आहेत, कोकणात त्यांना उन्हाळं म्हणतात, महाडजवळ सव गावाला आहेत, दापोली तालुक्यात उन्हवऱ्याला आहेत. वर महाबळेश्वरला औषध होतं ते हवेचं. १८२४ मध्ये कर्नल लॉडविक हा इंग्रज अधिकारी डोंगर चढून वर आला, तो जिथं पोचला त्या कड्यालाच आज आपण लॉडविक पॉइंट म्हणतो, आणि परत गेल्यावर ही जागा आजारी सैनिकांसाठी चांगली आहे असं तो सांगत राहिला. १८२८ ला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम इथं आला आणि त्यानं मनावर घेतलं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ मध्ये करार झाला, महाबळेश्वरच्या बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना दिलं गेलं. बाजारपेठेचं नाव माल्कमपेठ पडलं, जुनी कागदपत्रं बघितली तर गावाचाही उल्लेख त्याच नावानं सापडतो. पुढं पाचगणीही अशीच वाढली, तिथं डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल एअर सॅनिटोरियम काढलं. म्हणजे आज जिथं आपण वीकेंडला जातो ती गावं मुळात बरं व्हायला येणाऱ्यांची.

अर्थात इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून लोक इथं येत होते, पाण्यासाठीच. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे उगम मानतात, गोमुखातून पाणी कुंडात पडत असतं, आणि देवगिरीचा यादव राजा सिंघण यानं १२१५ च्या सुमारास कृष्णेच्या उगमाशी देऊळ आणि कुंड बांधल्याची नोंद आहे. म्हणजे या डोंगरावर पाणी अडवायचं काम आठशे वर्षांपूर्वीच सुरू झालेलं.

आता एक प्रश्न सगळ्यांना पडतो, मलाही पडायचा. जिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, २२ जुलै २०२१ ला तर एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, तिथं मे महिन्यात पाणी जपून का वापरावं लागतं? उत्तर पायाखाली आहे. माथ्यावर जांभा दगड आहे, लाल, सच्छिद्र, स्पंजसारखा. त्याच्याखाली चिकणमातीसारखा थर आणि त्याच्याखाली काळा बेसाल्ट. पाऊस जांभ्यातून झिरपत खाली जातो, त्या चिकण थराशी अडतो आणि मग आडवा सरकत कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतो. झरे म्हणून डोंगराच्या कडेला आहेत आणि माथा मात्र दिवाळीनंतर हळूहळू वाळत जातो. पावसाळ्यात जे पाणी जमिनीत मुरत नाही ते काही तासांत कड्यावरून खाली. वर राहणाऱ्याला पाणी हवं असेल तर ते अडवण्याशिवाय इलाज नाही.

वेण्णा लेक झाला तो यातूनच. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं आणि त्यांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज गादीवर आले. त्यांनी १८४२ मध्ये वेण्णेच्या अगदी वरच्या अंगाला हा तलाव बांधून घेतला, गावाच्या पाण्याची सोय म्हणून. बोटिंगसाठी नव्हे. तलाव काही फार मोठा नाही, साधारण २८ एकर, पण महाबळेश्वर आणि पाचगणी ही दोन्ही गावं अजून याच्यावर तहान भागवतात, आपण ज्या पाण्यात पॅडल मारतो तेच शुद्ध होऊन संध्याकाळी हॉटेलच्या नळाला येतं, म्हणून तिथं प्लास्टिकची बाटली टाकणारा माणूस दिसला की मला मनापासून राग येतो. जून-जुलैत तलाव भरून सांडायला लागला की गावाला हायसं वाटतं, पुढच्या उन्हाळ्याची निम्मी काळजी मिटलेली असते.

वेण्णा लेक बघायचाच तर माझं ऐका आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या कडाक्याच्या थंडीत पहाटे सहाला जा. घोडेवाले, कणीसवाले, स्ट्रॉबेरी क्रीमवाले कुणीच आलेलं नसतं. पाण्यावर धुकं इतकं दाट की समोरचा काठ दिसत नाही, आणि जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरा थर बसलेला असतो. बोटानं खरवडला तर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा निघतो. तलाव खोलगट जागेत आहे, रात्री जड थंड हवा तिथं उतरून बसते म्हणून बाजारपेठेपेक्षा इथला पारा बराच खाली जातो. ऊन वर आलं की अर्ध्या-पाऊण तासात सगळं संपतं.

लेकमधून सांडलेलं पाणी लिंगमळ्याच्या धबधब्यावरून खाली उडी घेतं, मेढ्यावरून वाहत कण्हेरच्या धरणात जातं, १० टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपासचं धरण आहे ते, आणि तिथून पुढं साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. कृष्णेवर वाईच्या वरच्या अंगाला धोम आहे, साडेतेरा टीएमसीचं, शेतीच्या पाण्यासाठी सत्तरच्या दशकात झालेलं. पाचगणीच्या पारसी पॉइंटवरून खाली जे निळं पाणी पसरलेलं दिसतं ते हेच. खाली उतरलात तर धोम गावातलं नृसिंहाचं देऊळ चुकवू नका, तिथला दगडी कासवावर बसलेला नंदी बघण्यासारखा आहे.

पण खरी गोष्ट कोयनेची आहे. ही नदी जरा वेगळीच, सह्याद्रीतून निघून लगेच पूर्वेकडं वळायचं सोडून ती डोंगरांच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेला वाहत जाते, हेळवाकपाशी वळते आणि मग कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. लांबलचक अरुंद खोरं, पश्चिमेला लगेच कडा आणि कड्याखाली कोकण. अशा जागी पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला सोडलं तर ते इतक्या उंचीवरून पडेल की त्यावर प्रचंड वीज तयार होईल, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टाटांच्या इंजिनिअरांनी हेरलं होतं. प्रत्यक्ष काम सुरू झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या आसपास. १०३ मीटर उंचीची भिंत, साठ्याला नाव शिवसागर, क्षमता आज १०५ टीएमसी. पाणी पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात जातं आणि वीज करून झाल्यावर वाशिष्ठीतून अरबी समुद्राला. किती पाणी असं पश्चिमेला सोडायचं याला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. महाराष्ट्रातल्या कारखान्यांची कितीतरी वर्षं या विजेवर गेली, हे नाकारता येत नाही.

त्याची किंमत जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यातल्या गावांनी मोजली. पाणी चढत चढत तापोळ्यापर्यंत आलं, जवळपास पन्नास किलोमीटर, आणि शंभराच्या घरात गावं एकतर पाण्याखाली गेली नाहीतर जमीन गेल्यामुळं कोलमडली. नदीकाठची काळीभोर भाताची जमीन बुडाली, वरचा मुरमाड उतार राहिला. काही कुटुंबं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूरकडं गेली, काही नुसती वर सरकून डोंगरावर राहिली, आणि घरातले कर्ते पुरुष मुंबई गाठून हमाली नाहीतर गिरणीत लागले. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. जलाशयात साठलेल्या पाण्यामुळं भूकंप होऊ शकतो का, हा विषय जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात तेव्हा कोयनेचं नाव पहिल्या काहींत घेतात. पुढं १९८५ ला याच पट्ट्यात कोयना अभयारण्य आलं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, म्हणजे जे डोंगरावर सरकले होते त्यांच्यातल्या कित्येकांना पुन्हा उठायची वेळ आली. धरण पन्नाशी ओलांडून गेलं तरी पुनर्वसनाच्या जमिनीसाठी लोक कोयनानगरला ठिय्या देऊन बसलेले आपण बघितलेत, डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलानं ते आंदोलन लावून धरलं.

तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणायला लागले ते या सगळ्यानंतर, टुरिस्ट यायला लागल्यावर. नाव मला पटत नाही, कारण ही जागा जावळीची आहे आणि जावळीचीच दिसते, पण त्या नावामुळं बोटींना गिऱ्हाईक मिळतं आणि ज्यांची शेतं खाली आहेत त्यांचीच पोरं बोट चालवून घर चालवतात, त्यामुळं मी त्यावर वाद घालत नाही. तापोळ्याजवळ कोयनेला सोळशी येऊन मिळते, पलीकडून कांदाटीचं खोरं उघडतं, बामणोलीकडून निघालं तर वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला बोटीनंच जावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी काठोकाठ असतं, हिरवं सगळं ताजं असतं, फोटोसाठी तेव्हा जा. खोरं समजून घ्यायचं असेल तर एप्रिल-मेला जा.

आणि एकदा तरी तराफ्यावरून पलीकडं जा. जीप, मोटरसायकली, सिमेंटची पोती, गॅसची सिलिंडरं आणि बाजार करून निघालेल्या बाया, सगळं एकाच तराफ्यावर. पलीकडच्या गावांचा दवाखाना, कॉलेज, तालुक्याचं ऑफिस सगळं अलीकडं, म्हणून रात्री-अपरात्री कुणी अडलं तरी आधी पाणी पार करायचं. तापोळा ते आहीर मोठ्या पुलाचं काम काढलंय त्याचं तिथल्या माणसांना किती मोल आहे हे त्या तराफ्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं, आमच्या फेरीत एक आजी शेजारच्या बाईला पुलाच्या खांबांकडं हात करून कुठला खांब कुणाच्या बुडालेल्या घरापाशी उभा राहिलाय ते सांगत होत्या, पाण्यात काही दिसत नसताना, एकेक घर नावासकट.