शेपटी हलली म्हणजे काय? एका वाचनाची पार्श्वभूमी

फोंड्याच्या आमच्या घरी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की आमचा कुत्रा मोती सोप्याच्या पायरीवर येऊन उभा राहतो. तोंड घट्ट मिटलेले, अंगाचा भार पुढच्या पायांवर, शेपटी काठीसारखी वर आणि तिचे टोक तेवढे भराभर हलणारे. शेजारच्या काकू फाटकापाशी पोदेराला धीर देतात, "शेंपडी हालयता, चाबचो ना," म्हणजे शेपटी हलवतोय, चावणार नाही. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. म्हणून पाव घ्यायला आता मीच फाटकाबाहेर जातो.

हलणाऱ्या शेपटीचा एकच अर्थ नसतो, हे चार्ल्स डार्विनने 1872 सालीच नोंदवले होते. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर-अंगावर कशा उमटतात, यावर त्याने त्या वर्षी पुस्तक काढले. त्यात रागावलेला कुत्रा आणि लाडात आलेला कुत्रा यांची चित्रे आहेत. एकाचे अंग ताठ, केस फुललेले, शेपटी उभी. दुसऱ्याचे अंग खाली झुकून लवलवते. उलट भावना उलट हालचालीतून दिसते, असे त्याचे म्हणणे. त्याने स्वतःच्या कुत्र्याचेही वर्णन केले आहे. कुत्रा फिरायला म्हणून उड्या मारत निघायचा आणि डार्विन रोपांच्या काचघराच्या वाटेला वळला की त्याचे डोके, कान, शेपटी सगळे एकदम उतरायचे. घरच्यांनी त्या चेहऱ्याला 'काचघराचा चेहरा' असे नावच पाडले होते. मला सगळ्या अभ्यासात हे पान सर्वात जवळचे वाटते, कारण इतके बारीक बघायला रोजची माया लागते.

पुढे वाट चुकली. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून 1947 साली अभ्यास प्रसिद्ध केला. कोंडून ठेवलेल्या त्या लांडग्यांत वरच्या जागेसाठी सतत झटापट दिसली आणि त्यातून कळपाच्या 'अल्फा'ची, म्हणजे सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना रुजली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. मग कुत्रा गुरगुरला की 'डोक्यावर बसतोय', त्याला उताणा पाडून दाबा, असे सल्ले सुरू झाले. मेक यांनी नंतर कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. तिथला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्ले, साधे कुटुंब. 1999 साली त्यांनी स्वतःच 'अल्फा' हा शब्द टाकून द्यायला सांगितले. आपलेच गाजलेले मत असे खोडायला मोठे मन लागते. पण दाबून धरण्याचे सल्ले अजून टिकून आहेत, आणि गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावू शकतो.

शेपटीकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले ते इटलीत. 2007 साली तिथे 30 कुत्र्यांवर प्रयोग झाला. मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकायची, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. 2009 साली अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 'अपराधी चेहरा' तपासला. कुत्र्याने खाऊ चोरलेला असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा येतो. म्हणजे चप्पल फाडल्यावर आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ती आपल्या आवाजाची भीती असते.

गोव्यात कुत्र्याच्या अंगाचे हे वाचन जिवाशी जोडलेले आहे. रेबीज बहुतेक वेळा चाव्यातून पसरतो. 2014 नंतर 'मिशन रेबीज' ही संस्था आणि सरकार यांनी गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना रेबीजची माहिती दिली, आणि 2021 साली गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. लस टोचणाऱ्यांचे हे काम खरेच मोठे आहे. तरी भीतीने कोपऱ्यात सापडलेला कुत्रा लस घेतलेला असला तरी चावतो.

नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी जांभई देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे या अस्वस्थ कुत्र्याच्या खुणांकडे लोकांचे लक्ष वेधले. गेल्या नरकासुराच्या रात्री चौकात स्पीकर सुरू झाले, तेव्हा मोती एकामागून एक जांभया देऊ लागला. "झोप आली वाटतं त्याला," भाऊ म्हणाला. मी मोतीला आतल्या खोलीत नेले, खिडक्या लावल्या आणि पंखा मोठा केला. दोनच्या सुमाराला कुठे त्याने पंजांवर हनुवटी टेकली.