लाटणे मोर्चा

लाटणे मोर्चा म्हणजे महागाई, साठेबाजी आणि रेशनवरचा तुटवडा यांविरुद्ध बायकांनी हातात लाटणे घेऊन काढलेला मोर्चा. १९७२ ते १९७५ या काळात तो मुंबईत रूढ झाला. त्याच्या पुढारी विरोधी पक्षांतल्या होत्या: समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी. सभागृहात मूठभर असलेल्या विरोधकांनी ग्राहकाचे गाऱ्हाणे रस्त्यावर कसे आणले, याचे महाराष्ट्रातले हे सर्वांत ठसठशीत उदाहरण मानायला हरकत नाही.

१९७२चा दुष्काळ त्यातून गेलेल्या पिढीला दोन शब्दांनी आठवतो, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाखाली उतरत नसे. सुकडी म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ; ती गावोगाव पोरांना वाटली जाई. मुंबईत शेत नव्हते, त्यामुळे दुष्काळ आला तो रेशनच्या दुकानातून. घरातल्या माणसांचे ‘युनिट’ मोजून कार्डावर धान्य-साखर लिहिलेली असे. पण कार्डावर असणे वेगळे आणि पिशवीत पडणे वेगळे. रांगेत दोन तास उभे राहिल्यावर ‘साखर संपली, सोमवारी या’ हे ऐकून परतायचे. रॉकेलसाठी डबा घेऊन वेगळी रांग. नरसाळ्यातून ओतलेल्या मापाला फेस किती आणि रॉकेल किती, यावरून रोज भांडण. तेल, डालडा, रवा या वस्तू बाजारातून एकाएकी नाहीशा व्हायच्या आणि चार दिवसांनी चढ्या भावाने परत यायच्या. हा हिशेब घरात ठेवत असे ती बाई, म्हणून भाववाढीची पहिली खबर अर्थखात्याच्या आधी तिला लागायची.

विधानसभेत हे मांडायचे तर संख्याबळ नव्हते. १९७२च्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. मृणाल गोरे त्याच वर्षी आमदार झाल्या. विरोधी आमदाराच्या हातात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, कपात सूचना अशी आयुधे असतात. मात्र त्यांतून मिळते ते उत्तर, आणि उत्तर म्हणजे साखर नव्हे. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे वाक्य ऐकून विरोधी बाकावर बसून राहायचे, की बाहेर जाऊन माणसे गोळा करायची, असा हा प्रश्न होता. मग सभागृहात जे संख्याबळ नव्हते ते स्वयंपाकघरांतून उभे राहिले.

१९७२मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. या नावातला ‘संयुक्त’ हा शब्द शोभेचा नव्हता. कम्युनिस्ट पक्ष १९६४मध्ये फुटला होता आणि दोन्ही गट एकमेकांकडे फारशा प्रेमाने पाहत नव्हते. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे वैर तर त्याहून जुने. तरीही या बायका एका मंचावर बसल्या. कोणत्याही पक्षात नसलेल्या गृहिणी, गिरणगावातल्या कामगारांच्या बायका, झोपडपट्टीतल्या आणि दादर-गोरेगावच्या मध्यमवर्गीय चाळींतल्या बायका त्यांच्यामागे आल्या. क्रांती कशी करायची यावर मतभेद होते, पण गोडेतेलाच्या भावावर ते असण्याचे कारणच नव्हते.

लाटणेच का? तोवर मराठी विनोदात लाटण्याची एक ठरलेली जागा होती. नवरा उशिरा घरी आला की दाराआड बायको लाटणे घेऊन उभी, हे व्यंगचित्र दिवाळी अंकांनी घासून गुळगुळीत केले होते. मोर्चाने त्याच हसण्याच्या वस्तूचे तोंड सचिवालयाकडे, म्हणजे आजच्या मंत्रालयाकडे, फिरवले. लाटणे प्रत्येक घरात असते, विकत आणावे लागत नाही, पिशवीत मावते, आणि पोलिसांनी त्याला हत्यार म्हणावे तर त्यांचेच हसे होते. शिवाय अर्थ सांगावा लागत नाही. पोळपाटावर लाटायला काही उरले नाही म्हणून लाटणे रिकामे, आणि रिकामे आहे म्हणून हातात.

त्याच्या जोडीला थाळीनाद असे. रिकाम्या ताटावर चमचा किंवा लाटणे आपटत बायका चालायच्या; ज्यांना मुलेबाळे टाकून मोर्चाला येणे जमत नसे त्या आपल्याच गॅलरीत उभ्या राहून ताट वाजवायच्या. चाळीत एका मजल्यावर सुरू झालेला आवाज खालच्या मजल्यावर जायला वेळ लागत नाही. घराबाहेर पाऊल न टाकता आंदोलनात भाग घेण्याची ही सोय, माझ्या मते, लाटण्याइतकीच महत्त्वाची होती, पण नाव मात्र लाटण्याचे झाले. मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घेराव घालणे, दडवलेला माल बाहेर काढायला लावणे, हे प्रकारही चालत. १९७४मध्ये गुजरातेत नवनिर्माण आंदोलन पेटले तेव्हा तिथेही थाळ्या वाजल्या. त्या आंदोलनाची ठिणगी विद्यार्थ्यांच्या खाणावळीच्या वाढलेल्या बिलातून पडली होती.

मृणाल गोरे यांना लोक मोर्चाच्या आधीपासून ओळखत होते ते पाण्यामुळे. १९६१मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्या वाढत होत्या, नळ वाढत नव्हते. हंडे घेऊन बायकांना पालिकेच्या दारात नेणे, अधिकाऱ्यासमोर रिकामी भांडी मांडणे, नळ आला की पुढच्या वस्तीकडे वळणे, या कामातून त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडले. हंडा मोर्चा हा लाटणे मोर्चाचा थोरला भाऊ म्हणता येईल. मतदारसंघातल्या एका गल्लीची तक्रार आणि राज्याचे धोरण यांतले अंतर हंड्याने आधी ओलांडले होते; लाटण्याला वाट मळलेली मिळाली.

या आंदोलनात छोट्या दुकानदाराची जागा कुठे, हा प्रश्न जरा अडचणीचा आहे. रांगेतल्या बाईला समोर दिसतो तो वाणी, मग राग त्याच्यावर निघतो. रेशन दुकानदार सरकारी परवान्यावर चालतो. वरून पोती आलीच नाहीत तर तोही ‘सोमवारी या’ यापलीकडे काही सांगू शकत नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला महिनाभर उधारीवर माल देई, वहीत लिहून ठेवी, आणि घाऊक भाव चढला की त्याचेही भांडवल अडके. उलट बाजूने, माप मारणारे आणि मागच्या दाराने साखर विकणारे दुकानदारही होतेच. १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारकडे होता. तो वापरायचा कुणाविरुद्ध, वाण्याच्या दहा डब्यांविरुद्ध की घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामाविरुद्ध, हा खरा वाद होता. घोषणेत ‘साठेबाज’ हा एकच शब्द बसतो, त्यामुळे हा फरक रस्त्यावर बहुधा पुसला गेला.

जून १९७५मध्ये आणीबाणी लागू झाली आणि मोर्चे थांबले. पुढाऱ्यांपैकी अनेक जणी तुरुंगात गेल्या; मृणाल गोरे काही काळ भूमिगत राहून नंतर पकडल्या गेल्या. १९७७च्या लोकसभा निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून आणि अहिल्या रांगणेकर उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आल्या. इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या होत्या, तेव्हा मुंबईत घोषणा फिरली: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. मराठी राजकीय घोषणांत इतकी नेमकी कोटी क्वचितच साधली असेल. प्रमिला दंडवते १९८०मध्ये लोकसभेत पोचल्या.

समिती पुढे त्या जोमाने उभी राहिली नाही. तिच्यातल्या काहींनी मार्ग बदलले. १९८१मध्ये सिमेंटवर नियंत्रण होते. खोलीची डागडुजी करणाऱ्याला चार पोत्यांसाठी परवाना मागत फिरावे लागे आणि बड्या बिल्डरांना भरघोस कोटा मिळे. मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी प. बा. सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानाला दिलेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध असल्याचा निर्णय न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२मध्ये दिला आणि अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ग्राहकाची तक्रार लाटण्याऐवजी प्रतिज्ञापत्रावर गेली, एवढाच फरक. मृणाल गोरे पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

दुसरी वाट राजकारणाबाहेरून गेली. १९७५मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करायला सुरुवात केली. मोर्चा भाव खाली आणा म्हणून सरकारकडे मागणी करतो. इथे ग्राहक स्वतःच घाऊक बाजारात जाऊन उभा राहिला. केंद्राचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६मध्ये आला.

लाटणे मोर्चावर अभ्यासकांचा एक आक्षेप आहे: त्याने बाईला रस्त्यावर आणले, पण आणले ते गृहिणी म्हणूनच. चूल कुणी सांभाळायची हा प्रश्न त्याने विचारला नाही, चुलीवर काय शिजवायचे एवढाच विचारला. आक्षेप खरा आहे. मात्र ज्या बाईने याआधी कधी पोलीस ठाण्याचा उंबरठा ओलांडला नव्हता तिला अटक करून घेण्याची सवय याच मोर्चांनी लावली, हेही तितकेच खरे. १९७५ नंतरच्या महिला चळवळीत आलेल्या अनेकींनी आपला पहिला मोर्चा हाच असल्याचे सांगितले आहे.

आज पुढाऱ्यांच्या हातात लाटणे क्वचित दिसते. गॅसची टाकी महागली की रस्त्यावर चूल मांडून भाकरी थापतात, कांदा चढला किंवा कोसळला की विरोधी आमदार गळ्यात कांद्याची माळ घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसतात, आणि कॅमेरे निघून गेले की माळा उतरवून आत सभागृहात जातात. गोरेगावात मृणालताई गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. हंडा मोर्चे मात्र दर उन्हाळ्यात निघतात.