पाक का साखरतो?
(लिक्विड ग्लुकोज व सायट्रिक ॲसिड नेणाऱ्या मिठाईवाल्या आणि चिक्कीवाल्या ग्राहकांसाठी)

रात्री काचेसारखा असलेला गुलाबजामचा पाक सकाळी पापडी धरतो आणि बोल लागतो साखरेला. खरे तर साखर जितकी शुद्ध, तितका पाक लवकर साखरतो.

साखरेच्या रेणूत दोन कडी असतात: ग्लुकोजचे षटकोनी आणि फ्रुक्टोजचे पंचकोनी. मधला सांधा ऑक्सिजनच्या एका अणूचा. कड्यांच्या कडेने आठ ‘ओएच’ गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधाने धरतात, म्हणून साखर विरघळते. पाणी अपुरे पडले की साखरेचे रेणू एकमेकांनाच धरतात. सगळे एकाच घडणीचे, त्यामुळे विटांसारखे रचले जातात आणि खडा होतो. एकतारी पाकात साखर 70 टक्क्यांच्या वर जाते. 20 अंशांना मात्र 67 टक्केच विरघळून राहते. थंडीत तक्रारी वाढतात त्या यामुळे.

उपाय म्हणजे या रचनेत वेगळ्या आकाराचे रेणू घुसवणे.

पाकासाठी: 1 किलो साखर, अर्धा लिटर पाणी, 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. ॲसिड सुरुवातीलाच घाला. आम्लामुळे कड्यांमधला तो सांधा पाण्याने तुटतो आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटे होतात, पण त्याला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. गॅस बंद करताना पिळलेले लिंबू चवीपुरतेच. साखर पूर्ण विरघळल्यावर ढवळणे थांबवा. काठावर उडालेले शिंतोडे ओल्या ब्रशने खाली उतरवा. त्यातला एक कण पाकात पडला, तरी त्याच्याभोवती खडे धरू लागतात.

चिक्कीसाठी: 10 किलो साखरेला 1 ते दीड किलो लिक्विड ग्लुकोज, साखर विरघळल्यावर. हे स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून केलेले असते. त्यातले आखूड-लांब तुकडे साखरेच्या रचनेत बसत नाहीत. इथे ॲसिड टाळा. सुटे झालेले फ्रुक्टोज हवेतली ओल ओढते आणि पावसाळ्यात चिक्की हाताला चिकटते.

पेढा-बर्फीत दोन्ही जपून. ॲसिडने दूध फाटते, हे सांगायला नकोच. पण ग्लुकोजनेही रंग बदलतो: साखरेत दोन्ही कड्यांची क्रियाशील टोके सांध्यात अडकलेली असतात, ग्लुकोजचे टोक मोकळे असते. ते दुधातल्या प्रथिनांशी जुळते आणि पांढरी बर्फी तांबूस होते. कंदी पेढ्यावर हाच रंग हवा असेल, तर गोष्ट वेगळी.

‘साखर फोडली म्हणजे मधुमेहींना चालेल का?’ नाही. ग्लुकोज तिथेच असते, फक्त सुटे.