मुलामा सुटतो तेव्हा

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, साजाच्या मण्यांना सोन्याचा मुलामा देताना कधी पाहिलंय? तारेला अडकवलेला माल द्रावणात सोडतात, ऋण तार मालाला जोडतात आणि पिवळेपणा हळूहळू चढू लागतो. वीज जास्त झाली की मण्यांच्या अंगावर बारीक बुडबुडे येतात. तो हायड्रोजन. कारागीर लगेच वीज कमी करतो, नाहीतर मुलामा नीट धरत नाही, पोपडे निघतात.

ग्राफीनवाल्यांना नेमके हे पोपडेच हवे असतात.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकेरी थर, जाडी ०.३४ नॅनोमीटर. गाइम आणि नोवोसेलोव या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मँचेस्टरला तो साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलला. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. पण चिकटपट्टीला येतात ते बारीक कपटे. मोठा तुकडा हवा तर तांब्याचा पातळ पत्रा हजारेक अंशांना तापवून त्यावर मिथेन सोडतात. मिथेनमधला कार्बन तांब्यावर पसरून थर धरतो. खरी कसोटी पुढेच. पत्रा २५ मायक्रॉनचा, म्हणजे थराच्या सत्तर हजार पटींहून जाड. थर त्याला घट्ट बसलेला आणि आपल्याला तो हवा काचेवर.

जुनी रीत म्हणजे फेरिक क्लोराइडमध्ये तांबंच विरघळवायचं. त्यात तास जातात, थरावर धातूचे कण राहतात, पत्रा संपतो. सोनाराच्या दारातली धूळसुद्धा झारेकरी चाळून नेतात. अख्खा पत्रा असा घालवणं मला तरी पटत नाही.

२०११ च्या सुमारास विजेची वाट सापडली. ग्राफीनवर आधी ॲक्रिलिकचा पातळ लेप देतात, वर्खाला कागदाचा आधार असतो तसा. मग पत्रा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धरून त्याला ऋण तार लावायची. पाणी कडेने आत शिरतं, तांब्यापाशी फुटतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे थराखाली उमलतात. कड उचलली जाते, मग पाचर ठोकावी तशी फट आत सरकत जाते. काही मिनिटांत पापुद्रा सुटतो. तो स्वच्छ पाण्यात धुऊन काचेवर अलगद झेलायचा, वाळवायचा. लेप ॲसिटोनने जातो. पत्रा पुन्हा भट्टीत जायला मोकळा.

मात्र बुडबुड्यांचा जोर वाढला तर थर फाटतो. म्हणून काहीजण व्होल्टेज मुद्दाम हायड्रोजन सुटण्याच्या खाली ठेवतात. थराखालच्या तांब्यावर ऑक्साइडचं बारीक पुट असतं. एवढ्याशा विजेने ते पुट निघून जातं, पकड सैलावते आणि एकही बुडबुडा न येता ग्राफीन सुटतं.